खाडीच्या मुखावरचे वाळूचे दांडे : उपशाची मागणी करण्यापूर्वी

खाडीकाठ (धागाकर्ता)

गोव्यातल्या मच्छीमारी जेटींवर दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे ६१ दिवसांची मासेमारीबंदी उठून ट्रॉलर पुन्हा समुद्रात निघतात त्या सुमारास, एकच मागणी ऐकू येते : खाडीच्या तोंडावर वाळू साचली आहे, ती ताबडतोब उपसा. मागणी रास्त आहे, कारण तिच्यामागे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण या विषयावर चर्चा होते तेव्हा वाळूचा दांडा म्हणजे नदीने वरून आणून टाकलेला गाळ, असे गृहीत धरलेले असते, आणि पुढचा सगळा हिशेब तिथेच बिघडतो. दांड्यातली बरीचशी वाळू किनाऱ्याची असते. ती लाटांबरोबर किनाऱ्याने सरकत येते, खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या प्रवाहात अडकते, काही काळ तिथे थांबते आणि पुढच्या किनाऱ्याकडे जाते. ती उचलून कायमची दूर नेली तर खाडीच्या पलीकडचा किनारा उपाशी राहतो, हे मला या धाग्यात नीट मांडायचे आहे.

भरतीला जेवढे पाणी आत शिरते तेवढेच ओहोटीला बाहेर पडते, तर वाळूही आली तशी परत जायला हवी, असे वरवर वाटते. तसे होत नाही, कारण पाणी आत येण्याची रीत वेगळी आणि बाहेर जाण्याची वेगळी. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी तोंडाकडे सर्व बाजूंनी ओढले जाते आणि त्यात किनाऱ्याला बिलगून येणारे पाणी पुष्कळ असते. ओहोटीचे पाणी मात्र तोंडातून निघाल्यावर लगेच पसरत नाही. ते झोताच्या रूपाने सरळ समुद्रात शिरते आणि काही अंतर गेल्यावर रुंदावत मंद होते. म्हणून मधल्या खोल पाटात ओहोटीचा जोर आणि दोन्ही कडांच्या उथळ पाटांत भरतीचा जोर, अशी विभागणी होते. झोत जिथे मंदावतो तिथे त्याच्या हातची वाळू सुटते आणि तोंडाच्या बाहेर चंद्रकोरीच्या आकाराचा उथळ पट्टा तयार होतो. भरतीबरोबर आत गेलेली वाळू तशीच आतल्या बाजूला, पात्र रुंद होते तिथे बसते. एकाच खाडीला बाहेरचा आणि आतला असे दोन उथळ भाग का असतात, याचे उत्तर हे आहे.

इथे वेगातला लहानसा फरक फार मोठे काम करतो. प्रवाहाची वाळू वाहून नेण्याची ताकद वेगाच्या निदान तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे ओहोटीचा वेग भरतीपेक्षा एक पंचमांशाने जास्त असेल तर ती जवळजवळ पाऊणपट अधिक वाळू नेते. शिवाय वाळूला बसायला वेळ लागत नाही. ०.२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर खाली उतरतो, तेव्हा तीन मीटर पाण्यात तळ गाठायला त्याला अडीच मिनिटे पुरतात. चिखल तासन्‌तास तरंगत राहतो आणि दूर जातो. वाळू मात्र प्रवाह जिथे सोडेल तिथेच बसते. दांड्याचा आकार प्रवाहाच्या आकाराशी इतका जुळतो तो यामुळे.

तोंड किती रुंद आणि किती खोल राहणार, हेही बऱ्याच अंशी पाणीच ठरवते. उधाणाच्या, म्हणजे पुनवेच्या किंवा अवसेच्या सुमाराच्या मोठ्या, एका भरतीत खाडीत जितके पाणी शिरते त्याला आपण भरतीचा साठा म्हणू. अमेरिकन अभियंता मॉरो ओब्रायन यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले की हा साठा आणि तोंडाचा सर्वात अरुंद जागचा छेद (तिथल्या पाण्याच्या आडव्या कापाचे क्षेत्रफळ) यांचे नाते बऱ्यापैकी ठरलेले असते. उदाहरणादाखल एक खाडी घ्या : पाण्याखाली येणारे क्षेत्र १० चौरस किलोमीटर आणि भरती-ओहोटीतला फरक २ मीटर. साठा झाला २ कोटी घनमीटर. ओब्रायन यांच्या सूत्राने अशा खाडीच्या तोंडाचा छेद सुमारे १३०० चौरस मीटर राहतो आणि त्यातून सर्वाधिक वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास येतो. हा वेग महत्त्वाचा आहे. छेद वाळूने आकसला तर पाण्याचा वेग वाढतो आणि ते वाळू खरवडून नेते. उपसून छेद जास्त मोठा केला तर वेग घटतो आणि वाळू परत भरते. म्हणजे उपशाने तोंड हवे तितके मोठे करता येते, पण साठा न वाढवता ते तसे टिकवता येत नाही. उलट साठा कमी केला, खाडीच्या आतली खारफुटीची किंवा सखल जमीन भराव घालून बुजवली, की तोंड आपोआप आकसू लागते.

गोव्यात दिवसाला दोन भरत्या येतात, दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात, आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. उधाणाला पाण्यातला चढउतार सव्वादोन मीटरच्या आसपास असतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, जेमतेम मीटरभर. आठवड्याच्या अंतराने प्रवाहाचा जोर निम्म्यावर येतो आणि पुन्हा चढतो, त्यामुळे अष्टमीच्या सुमारास लाटांनी तोंडात ढकललेली वाळू पुनवेला किंवा अवसेला थोडीफार बाहेर जाते.

पावसाळ्यात हा तोल सुटतो. नद्या दुथडी भरून वाहत असताना दांडा वाहून जायला हवा, असे पुष्कळांना वाटते, प्रत्यक्षात तो त्याच दिवसांत सर्वात उंच होतो. एक तर नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून उथळ समुद्रात नेतात आणि तिथली वाळू सतत ढवळत राहतात. दुसरे म्हणजे पुराचे गोडे पाणी हलके असते. ते खाऱ्या पाण्याच्या वरून निघून जाते आणि तळाशी, जिथे वाळू असते तिथे, बाहेर जाणारा ओघ दुबळा पडतो, कधी उलटाही वाहतो. सप्टेंबरनंतर लाटा लहान होतात आणि तीच वाळू हळूहळू किनाऱ्यावर परतते. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर वायव्येकडून वारा धरतो आणि त्या वाऱ्याच्या छोट्या, तिरक्या लाटा वाळू दक्षिणेकडे सरकवत राहतात.

शापोरा आणि साळ या दोन नद्यांची तोंडे नकाशावर शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही ठिकाणी दक्षिणेला खडक आहे, शापोऱ्याला किल्ल्याची टेकडी आणि साळीला बेतूलची. दोन्ही ठिकाणी उत्तरेला वाळूची लांब जीभ आहे, तिकडे मोरजी आणि इकडे मोबोर. उत्तरेकडून येणारी वाळू ही जीभ वाढवते, नदीला खडकाकडे रेटते, आणि नदी खडकाला घासून आपली वाट मोकळी ठेवते. मोरजीच्या टोकाला उधाणाच्या ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवर वाकून पाहिले तर प्रवाहाची लिपी तिथे वाचता येते. बोटभर उंचीच्या सुरकुत्यांची एक बाजू लांब आणि उतरती असते, दुसरी तुटक. पाणी गेले त्या दिशेला तुटक बाजू. मधल्या पाटाच्या कडेला ती समुद्राकडे असते, आणि किनाऱ्यालगतच्या उथळ घळीत पुष्कळदा खाडीकडे. सुरकुत्यांच्या खळग्यांत काळ्या, जड वाळूची बारीक रेघ जमलेली असते, कारण हलके कण निघून गेले तरी जड कण मागे राहतात.

माझे म्हणणे उपसा करूच नये असे नाही. उपसा करायचा तर तो ओहोटीच्या मूळ पाटानेच करावा, उपसलेली वाळू किनाऱ्याच्या चक्रातच परत टाकावी, आणि खाडीच्या आत भराव घालून साठा घटवणे थांबवावे. यातल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल जेटीवरच्या मागणीत कधी शब्द नसतो. ज्यांचा खाडीशी रोजचा संबंध आहे त्यांनी आपापल्या तोंडांबद्दल लिहावे, अशी विनंती आहे.


बेतूलकर

खाडीकाठ दादा, मांडणी पटली, पण आमच्या अडचणीची धार तिच्यात उतरलेली नाही. साळ नदी सह्याद्रीतून येत नाही, ती सासष्टीच्या सखल भागातूनच किनाऱ्याला समांतर वाहत बेतूलला पोहोचते, त्यामुळे तिच्यामागे पुराचा मोठा लोट नसतो. कुटबणच्या जेटीवरून निघालेल्या ट्रॉलरला एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला फुटणारी लाट, यांच्यामधून जावे लागते. पाट गेल्या वर्षी जिथे होता तिथे यंदा असेलच असे नाही. बाहेर पडताना तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारा म्होरक्या, निदान वाट पाहू शकतो. परत येताना मासळी भरलेली असते, ट्रॉलर खाली दबलेला असतो, बर्फ वितळत असतो आणि लिलावाची वेळ निघून चाललेली असते. भरतीसाठी चार तास बाहेर नांगर टाकून थांबणे म्हणजे मासळीचा भाव हातचा घालवणे. म्हणून माणसे घाई करतात आणि अपघात होतात.

रस्त्यावर दरवर्षी खड्डे पडतात आणि ते दरवर्षी बुजवले जातात. रस्ता मुळात टिकणार नाही म्हणून कोणी तो सोडून देत नाही. खाडीच्या तोंडाची देखभालही तशीच दरवर्षीची मानावी, इतकेच आम्ही मागतो. आणि तोंडाला दोन्ही बाजूंनी दगडी बांध घालून वाट कायमची पक्की का करू नये, हेही कोणी समजावून सांगावे.


खाडीकाठ

बेतूलकर दादा, दरवर्षीच्या देखभालीला माझा विरोध नाही. अडचण वेळेची आहे, आणि ती कोणी उघडपणे सांगत नाही. तुम्हाला वाट हवी असते १ ऑगस्टला. त्या वेळी समुद्र उसळलेला असतो आणि उसळत्या समुद्रात ड्रेजर दांड्यावर उभा राहू शकत नाही. म्हणून काम एप्रिल-मे महिन्यांत उरकले जाते, बिल निघते, आणि जून-जुलैच्या लाटा तो चर पुन्हा भरून टाकतात. ऑक्टोबरमध्ये केलेला उपसा पुढच्या मेपर्यंत टिकण्याची शक्यता पुष्कळ अधिक आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांसाठी मात्र उपशावर भिस्त ठेवता येणार नाही. त्या काळात पाट नेमका कुठे आहे हे दाखवणारे दिवे आणि तरंगखुणा, आणि दांड्यावरच्या खोलीची ताजी माहिती, यांचाच खरा आधार आहे.

धोका कधी सर्वात जास्त असतो, याबद्दल थोडे लिहितो, कारण नव्याने कामावर आलेल्या खलाशांना ते सांगितले जात नाही. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांश झाली की ती फुटते. दांड्यावर दोन मीटर पाणी असेल तर दीड मीटरची लाट तिथे कोसळणार. भरतीला तिथेच साडेतीन मीटर पाणी असेल तर ती लाट न फुटता खालून निघून जाते. त्यातच ओहोटीचा झोत समोरून येणाऱ्या लाटेला भिडला तर लाट आखूड आणि उभी होते; मीटरभराची दिसणारी लाट अशा ठिकाणी दीडपट होऊन ट्रॉलरच्या पाठीमागून चढते. म्हणून उतरत्या ओहोटीच्या भरात, तेही उधाणाच्या दिवशी, आत शिरणे सर्वात वाईट. भरतीचा शेवटचा तास आणि पाणी थबकते तो थोडा वेळ सर्वात बरा. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब मुंबईला जास्त जुळतो, आपल्याकडे भरती त्याच्या थोडी आधी येते.

दगडी बांधांबद्दल. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मुतलप्पोळी येथे खाडीच्या तोंडाला असेच दोन बांध घातले. तिथे एका बाजूचा किनारा भरला, दुसऱ्या बाजूचा खचू लागला, आणि ज्या तोंडासाठी हे केले त्यात वाळू साचायची थांबली नाही. बोटी उलटून तिथे अनेक मच्छीमार दगावले आहेत. चेन्नईचे बंदर १८७६ पासून बांधायला घेतले, त्यानंतर दक्षिणेचा मरीना किनारा रुंदावत गेला आणि उत्तरेचा रोयापुरमकडचा खचत गेला. बांधामुळे वाळूचा प्रवास फक्त अडतो. एका बाजूची जागा भरली की वाळू बांधाला वळसा घालून पुन्हा तोंडासमोर येते, तोवर पलीकडच्या गावाने आपली जमीन गमावलेली असते. बेतूलला आधीच एक नैसर्गिक खडकाळ बाजू आहे, तेव्हा मोबोरच्या बाजूने बांध घातला तर त्याचे परिणाम उत्तरेला आणि दक्षिणेला काय होतील हे मापनाशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये.


सुरूबन

उत्तरेला वाळू आणि दक्षिणेला खडक हा नियम तेरेखोल नदीच्या तोंडाला लागू होत नाही, याकडे लक्ष वेधते. तिथे किल्ला आणि टेकडी उत्तर काठावर आहे, वाळू केरीच्या बाजूला दक्षिणेत आहे. वाळू सरसकट दक्षिणेकडेच जात असती तर केरीच्या टोकाला वाळूची जीभ उत्तरेकडे तोंड करून उभीच राहिली नसती. आणि केरीला वाळू वाढण्यापेक्षा खचण्याचीच काळजी जास्त आहे. किनाऱ्यावरची सुरूची झाडे मुळांसकट आडवी झालेली सगळ्यांनी पाहिली आहेत.

दुसरा मुद्दा मोरजीचा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे ६ जानेवारी २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांची घरटी होण्याच्या जागा म्हणून नोंदवलेले आहेत. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. ऑक्टोबरमध्ये उपसा करून ती वाळू मोरजीच्या किनाऱ्यावर टाकायची म्हटले तर काम पुढे सरकत सरकत नेमके त्याच हंगामात शिरेल. ठेकेदाराचे काम वेळेवर संपते, या भरवशावर हा किनारा सोडता येणार नाही. टाकलेली वाळू चिखलमिश्रित असेल, किंवा यंत्रांनी दाबून घट्ट केलेली असेल, तर मादीला खड्डा खणता येत नाही.


खाडीकाठ

सुरूबन ताई, तेरेखोलची हरकत योग्य जागी आहे. टेकडीच्या आडोशाला लाटा वळतात; वायव्येकडून आलेली लाट टेकडीला वळसा घालून आत येते तेव्हा केरीच्या टोकावर तिची दिशा पार बदललेली असते, आणि तेवढ्या पट्ट्यात वाळू उत्तरेकडे, म्हणजे नदीच्या तोंडाकडे, सरकू शकते. शिवाय पावसाळ्यातल्या पश्चिमेकडच्या मोठ्या लाटांना प्रत्येक उपसागराचा तोंडवळा वेगळा भेटतो, म्हणून वाळूची दिशाही ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे पालटते. गोव्याच्या सगळ्या तोंडांना एकच आराखडा लावता येत नाही, ही गोष्ट तुमच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट झाली. केरीला वाळूचा तुटवडा असताना तेरेखोलच्या पात्रातली वाळू बांधकामासाठी निघत राहावी, हे मला सर्वथा अनुचित वाटते.

कासवांबद्दलची काळजीही मान्य. मोरजीच्या बाबतीत वाळू कोरड्या किनाऱ्यावर न टाकता लाटा फुटतात त्या पट्ट्यात, उथळ पाण्यात सोडावी. लाटा ती स्वतः निवडून वर आणतात आणि चिखल धुऊन नेतात. किनाऱ्यावर एकही यंत्र उतरवावे लागत नाही. काम ऑक्टोबरअखेर पुरे झाले नाही तर ते त्या वर्षी सोडून द्यावे, ही अट करारातच असावी.


मानशीकर

मी खाजनाच्या गावचा, तिसवाडीतला. साठ्याचा मुद्दा या धाग्यात आला म्हणून लिहितो आहे, कारण तो आमच्या बांधांशी थेट जोडलेला आहे आणि त्यातून उलटा अर्थ काढला जाण्याची भीती वाटते.

खाजन म्हणजे खाडीकाठची भरतीच्या पातळीखालची जमीन, मातीच्या बांधांनी राखलेली. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे दार, असते. तिची लाकडी झडप भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की आपोआप मिटते, आणि ओहोटीला आतले पाणी उंच राहिले की आपोआप उघडते. झडपेच्या फळ्यांच्या फटीतून थोडे पाणी सतत झिरपत असते. तेवढे खारे पाणी आत यायलाच हवे, कारण आतल्या पोंयीतली, म्हणजे तळ्यातली, मासळी त्यावर जगते. पावसाळ्यात भात, नंतर मासळी, असा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. आता कोणी म्हणेल की बांध फोडले तर खाडीचा साठा वाढेल, ओहोटीचा जोर वाढेल आणि तोंड साफ राहील. बांध फुटला की काय होते ते आम्ही भोगलेले आहे : पाणी त्या खिंडारातून दिवसाला दोनदा आत-बाहेर करते, खिंडार खोल होत जाते, शेत खारवते आणि पुढे तिथे खारफुटी उगवते. नंतर ती जमीन परत लागवडीखाली आणणे जवळजवळ अशक्य होते. बेतूलची वाट मोकळी करण्यासाठी शेतकऱ्याचे शेत बुडावे, असा निष्कर्ष या चर्चेतून निघता कामा नये.


खाडीकाठ

मानशीकर काका, तसा निष्कर्ष मला अभिप्रेत नाही आणि शास्त्रालाही तो धरून नाही. खाजनाचे बांध शेकडो वर्षांचे आहेत आणि आजची तोंडे त्या बांधांसह स्थिरावलेली आहेत. आजचा दांडा तुमच्या बांधांनी उभा केलेला नाही. माझा आक्षेप आहे तो बांधाच्या बाहेरच्या बाजूला, खारफुटीत आणि चिखलाच्या पट्ट्यावर, नव्याने पडणाऱ्या भरावावर. आणि पडीक ठेवलेले खाजन आधी दलदल आणि मग भूखंड बनते, त्या वाटेवर.

या पट्ट्यांचे महत्त्व नुसत्या साठ्यापुरते नाही. खाडी उथळ आणि अरुंद असेल तर भरतीच्या लाटेचा माथा तिच्या खळग्यापेक्षा लवकर पुढे सरकतो, म्हणून भरती थोड्या वेळात जोराने येते आणि ओहोटी रेंगाळत जाते. अशी खाडी वाळू आत ओढते. पण काठाला खारफुटी आणि चिखलाचे रुंद पट्टे असतील तर भरतीचे शेवटचे पाणी त्यांच्यावर पसरण्यात वेळ जातो, भरती मंदावते, आणि ते पाणी पात्रात उतरते तेव्हा ओहोटीला जोर येतो. अशी खाडी वाळू बाहेर टाकते. म्हणजे काठावरची एक हेक्टर खारफुटी बुजवल्याने दुहेरी नुकसान होते : साठा घटतो आणि प्रवाहाचा कलही आतल्या बाजूला झुकतो. साळ नदीसारख्या, पुराचा आधार नसलेल्या नदीला हे नुकसान सर्वात जास्त बाधते. कुटबणच्या मच्छीमारांनी नदीच्या वरच्या अंगाला पडणाऱ्या भरावाविरुद्ध उभे राहणे हे त्यांच्या स्वतःच्या वाटेसाठी आवश्यक आहे.


बार्जवाला

मांडवीचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. खनिजाचा धंदा भरात होता त्या वर्षांत पावसाळा सुरू होऊन आग्वादचा दांडा उसळू लागला की मांडवीच्या तोंडातून बार्ज बाहेर काढणे बंद होई. खनिज मग कुंभारजुवे कालव्याने जुवारीत आणि तिथून मुरगावला जाई. कालवा अरुंद आणि वळणांचा, दोन भरलेल्या बार्ज समोरासमोर आल्या की दोन्ही खलाशांची परीक्षा. तरी तीच वाट धरत, कारण दीड-दोन हजार टन माल घेऊन आग्वादच्या दांड्यावर तळ टेकला तर बार्ज मोडायला वेळ लागत नाही. मुरगाव बंदर पावसाळ्यातही उघडे राहते आणि पणजीचे तोंड बंद होते, हा फरक पोर्तुगीज दर्यावर्दींनाही पुरता ठाऊक होता. जुलै २०१७ मध्ये एक कॅसिनो जहाज भर पावसाळ्यात मांडवीत आणण्याचा प्रयत्न झाला आणि ते मिरामारजवळ वाळूत रुतले. ज्यांनी या तोंडावर आयुष्य काढले त्यांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

बांधांविषयी खाडीकाठ यांनी लिहिले, त्याला आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस हे जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यालगत रुतले आणि २०१२ पर्यंत तिथेच होते. जहाजाच्या आडोशाला वाळू साचत गेली आणि शेजारचा किनारा खचत गेला. किनाऱ्यालगत एक लोखंडी सांगाडा उभा राहिल्याने एवढे होत असेल, तर शेकडो मीटर लांबीच्या दगडी बांधाने काय होईल याचा विचार बेतूलकरांनी जरूर करावा.

एक प्रश्न आहे. उपशाची एवढी कामे होतात, तर उपशाआधीची आणि नंतरची खोली लोकांसमोर का ठेवली जात नाही? आमच्या काळी दांड्यावरची खोली तोंडोतोंडी कळायची, पण ती त्या त्या दिवसापुरती.


बेतूलकर

रिव्हर प्रिन्सेसचा विचार मी या अंगाने केला नव्हता. बांधांची मागणी आमच्या पुढच्या निवेदनात घालण्यापूर्वी मी ती सगळ्यांपुढे चर्चेला ठेवीन. भरावाचा मुद्दा मात्र निवेदनात पहिल्या क्रमांकावर जाईल, कारण असोळण्यापासून वरच्या अंगाला काय चालले आहे ते आम्हाला रोज दिसते.

खोलीच्या नोंदीबद्दल एक सुचवतो. आमच्या बहुतेक ट्रॉलरवर फिश फाइंडर आहे आणि तो खोली दाखवतो. प्रत्येक तांडेलाने दांडा ओलांडताना आकडा आणि वेळ टिपून ठेवली तर सरकारी मोजणीची वाट पाहावी लागणार नाही. पण एकाने भरतीला मोजले आणि दुसऱ्याने ओहोटीला, तर ते आकडे एकमेकांशी ताडायचे कसे?


खाडीकाठ

ते अवघड नाही, फक्त शिस्त लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगावच्या रोजच्या भरत्या-ओहोट्यांच्या वेळा आणि उंची छापलेल्या असतात. फिश फाइंडरचा आकडा घ्यायचा, त्यात त्याचा संवेदक पाण्याखाली जितका खाली बसवला आहे तेवढे मिळवायचे, आणि त्या क्षणाची भरतीची उंची त्यातून वजा करायची. उदाहरणार्थ, यंत्राने २.६ मीटर दाखवले, संवेदक पाण्याखाली ०.९ मीटर आहे आणि त्या वेळी भरती १.८ मीटर आहे, तर दांड्यावरची मूळ खोली १.७ मीटर. तक्त्यातली भरतीची उंची ज्या पातळीपासून मोजतात त्याच पातळीपासून नौकानयनाच्या नकाशावरचे आकडे मोजलेले असतात, त्यामुळे ते त्यांच्याशीही ताडता येतात. भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या वेळेची उंची काढताना सरळ भागाकार करू नये. पाणी मधल्या दोन तासांत सर्वात वेगाने चढते आणि दोन्ही टोकांना संथ असते.

ट्रॉलर भरलेला असताना संवेदक अधिक खोल जातो, म्हणून शक्यतो रिकाम्या ट्रॉलरने बाहेर पडतानाचीच नोंद घ्यावी. लाटांमुळे आकडा नाचत असेल तर सर्वात लहान आणि सर्वात मोठा असे दोन्ही लिहावेत. आकड्याबरोबर मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश हवेतच, कारण पाट सरकला की खोली तीच राहून जागा बदललेली असते, आणि उपशाच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचे आहे.

साळीच्या आत भरती मुरगावपेक्षा किती उशिरा पोहोचते ते मात्र तक्त्यात मिळणार नाही. त्यासाठी जेटीच्या एका खांबावर दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा रंगवून घ्याव्यात आणि एक पूर्ण पंधरवडा, म्हणजे एक उधाण आणि एक भांग, दिवसाउजेडी दर अर्ध्या तासाने पाणी कुठवर आले ते वहीत लिहावे. हे काम गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर करावे, नाहीतर पुराचे पाणी मोजणीत मिसळते. नोंदी इथेच टाकल्या तर बार्जवाला दादा आणि मी मिळून त्यांचा आलेख काढून देऊ. शापोऱ्याच्या जेटीवर तशीच पट्टी रंगवण्याचे मी स्वतःकडे घेतो, आणि केरीच्या बाजूने कोणी तयार असेल तर सुरूबन ताईंनी कळवावे.